सोन्याच्या घराचं मागचं दार

व्हेनिसमधल्या ‘का दोरो’ या संग्रहालयाचं नावच सोन्याचं घर. तिकीट मात्र मागच्या बोळात मिळतं. स्त्रादा नोव्हा हा दुकानांनी गजबजलेला रस्ता, त्याला फुटलेली चिंचोळी गल्ली आणि तिच्यात दार. लग्नघरात मांडव टाळून न्हाणीघराच्या बाजूनं शिरावं, तसे आपण शिरतो. घराचं खरं दार पलीकडे, ग्रँड कॅनॉलच्या पाण्यावर उघडतं.

मारीन कोंतारिनी या श्रीमंतानं १४२१च्या सुमारास हे घर बांधायला घेतलं. त्याच्या घराण्यानं व्हेनिसला आठ दोजे, म्हणजे राज्यप्रमुख, दिले; तेव्हा साधं घर बांधून भागणारच नव्हतं. १४३१ साली त्यानं दर्शनी भाग रंगवायचा करार केला : नक्षीच्या टोकांना सोन्याचा वर्ख, मागं महागडा निळा रंग, आणि लाल दगड आणखी लाल दिसावेत म्हणून त्यांवर तेलाचा हात. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मारीनसाहेबांनी ते लिहून ठेवलं होतं.

त्यातलं सोनं कधीच उडून गेलं. उरलेल्या घराची वाट एकोणिसाव्या शतकात एका रशियन राजपुत्रानं लावली. मारी तालियोनी ही त्या काळची गाजलेली बॅले नर्तिका. तिच्यासाठी त्यानं १८४६ साली वाडा घेतला. मग मेदूना नावाच्या अभियंत्यानं दुरुस्तीच्या नावाखाली अंगणातला दगडी जिना काढून टाकला, तो विकलाही गेला. जुनं घर हाती आलं की आधी जिन्यावर घाव घालणारी माणसं सगळ्या देशांत असावीत.

१८९४ साली हे घर बॅरन जॉर्जो फ्रांकेत्ती यांच्याकडे आलं, आणि माझ्या मते इथं बघायचं ते त्यांचंच वेड आहे. त्यांनी विकलेला जिना हुडकून परत आणला. बार्तोलोमेओ बोननं १४२७ साली कोरलेला विहिरीचा लाल संगमरवरी कठडाही परत मिळवला. (व्हेनिसच्या विहिरी म्हणजे खरं तर पावसाचं पाणी वाळूतून गाळून साठवायची टाकी. चहूकडे खारं पाणी, प्यायला पावसाचं.) आणि तळमजल्याची जमीन! पूर्वी होडीतला माल जिथं उतरायचा, त्या दालनात रंगीत दगडांची फरशी आहे, सेंट मार्कच्या चर्चमध्ये असते तशी. ती बॅरननी नुसती करवून घेतली नाही. गुडघे टेकून, स्वतःच्या हातानं तुकडे बसवले. मी वर जायचं सोडून तिथंच घुटमळत राहिलो. एखादा तुकडा जरा तिरका दिसला की वाटे, हा नक्की मालकांचा.

१९१६ साली त्यांनी घर आणि संग्रह सरकारला देऊन टाकला. १९२२मध्ये ते गेले, संग्रहालय १९२७ साली उघडलं. त्यांच्या अस्थी त्याच फरशीखाली आहेत.

वरच्या मजल्यावर चित्रं आहेत, आणि चांगली आहेत. माँतेन्या या चित्रकाराच्या ‘सेंट सेबास्टियन’ या चित्रासाठी बॅरननी छोट्या देवळासारखा खास कोनाडा केला आहे. अंगभर बाण घुसलेला तो माणूस, खाली नुकतीच विझलेली मेणबत्ती आणि तिच्याभोवती चिठ्ठी : ईश्वराखेरीज काही टिकत नाही, बाकी सगळा धूर. भिंतीचं सोनं उडालेल्या घरात हे वाचताना थोडं हसूही येतं.

पण बहुतेकांचे पाय लवकरच सज्जाकडे वळतात. दगडाची जाळी, बारीक खांब, समोर कालवा. आणि चित्रांकडे पाठ करून उभी असलेली माणसं. एरवी संग्रहालयात असं वागायची लाज वाटते, इथं वाटत नाही. हे घर मुळात पाणी बघायला आणि पाण्यावरून बघितलं जायला बांधलंय. खालून भाजीची होडी जाते, कचऱ्याची जाते, लोकांनी भरलेली व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, धक्क्याला लागते. तिशियनच्या चित्रातली आरशात बघणारी व्हीनस आत वाट बघत राहते.

सज्जातून दर्शनी भाग मात्र दिसणार कसा? त्यासाठी बाहेर पडून शेजारच्या सांता सोफियाच्या धक्क्यावर जायचं. तिथून थोड्या पैशांत गोंडोला पलीकडे रिआल्तोच्या बाजारात सोडते. ही नवराबायकोनं फोटो काढायची महागडी गोंडोला नव्हे. ही साधी पलीकडे नेणारी होडी, आणि गावची माणसं तीत उभ्यानंच जातात. मीही उभा राहिलो, तोल सावरत मागं वळून बघितलं : डावीकडे कमानीच कमानी, उजवीकडे जवळजवळ सपाट भिंत. शेजारच्या बाई मासळीची पिशवी पायाशी ठेवून फोनवर कुणाला तरी रागावत होत्या. घराकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.