तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरातली लेकरं संपली का?

हा प्रश्न मला नात्यातल्या लग्नात विचारला गेला, नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात, ओपीडीच्या दारात, आणि खुद्द आमच्या चर्चच्या मंडळीत, उपासना सुटल्यावर चहा पिता पिता. कारण मी एका पथकासोबत दोन-तीन आठवडे युगांडातल्या एका दवाखान्यात, पाय वाकडे असलेल्या मुलांवरच्या उपचारात हात द्यायला जाते आहे. शब्द बदलतात, मुद्दा तोच. युगांडाला कशाला? इथली लेकरं संपली का? काही जण आवाज जरा खाली आणून आणखी एक जोडतात: धर्माचं काम का? दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, हे माझं उत्तर नव्हतंच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

धर्माचं आधी उरकते. युगांडात शंभरातले ऐंशीहून जास्त लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. त्यांना ख्रिस्ती करायला सोलापूरहून कुणी जायची गरज नाही. आमच्या पथकाचं ठरलेलं आहे की दवाखान्यात पत्रकं वाटायची नाहीत, औषधासोबत प्रार्थना गळ्यात मारायची नाही. आम्ही सकाळी आमची प्रार्थना करू आणि कामाला लागू. पण श्रद्धेचा यात काही संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. संबंध आहे. मी जाते आहे ती विश्वासामुळेच, आणि ते लपवावं असं मला वाटत नाही. पैशाचंही सांगते, कारण तोही संशय असतो. धर्मादाय ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर त्यावरची करसवलत सहसा जाते, त्यामुळे मंडळीचा पैसा यात नाही. ज्याचं तिकीट त्याच्या खिशातून.

आता काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हजारात एखादं बाळ पाऊल आत वळलेलं घेऊन जन्माला येतं. आम्ही त्याला क्लबफूट म्हणतो, आया म्हणतात वाकडा पाय. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवाला बसवलेली पद्धत आता जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं सरळीकडे आणायचं आणि बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेक बाळांना टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) छोट्याशा छेदाने मोकळी करावी लागते आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना.

हे काम दोघांचं असतं. एक जण पाय धरतो, दुसरा प्लास्टर गुंडाळतो. आमच्याकडे प्लास्टर डॉक्टर घालतात, पाय मी धरते. घोट्याच्या पुढे बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो, त्यावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पाऊल बाहेर न्यायचं. जोर लावायचा नाही. आईच्या अंगावर पिता पिता बाळ झोपी गेलं तर हात बरोबर बसलाय असं समजायचं. प्लास्टर सुकलं की एकेक बोट दाबून बघायचं, पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं पाहिजे.

आणि ज्या बुटांवर पुढची सगळी भिस्त असते, त्यांतले आम्ही वापरतो त्या पद्धतीचे बूट कुठे घडले? युगांडात. मिखील स्टीनबीक नावाच्या माणसाने तिथल्या चामड्यातून, तिथल्याच कारागिरांना बनवता येतील असे स्वस्तातले बूट तयार केले. त्याच्याच नावाने ते ओळखले जातात. सोलापुरात विडी कामगार बाईच्या पोराच्या पायात बसतो तो नमुना तिकडून आलेला आहे. आम्ही गरीब आफ्रिकेला काही द्यायला निघालोय असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे आधी सांगते. तिथल्या चर्चच्या एका दवाखान्याने आम्हाला बोलावलंय. त्यांच्याकडे वय वाढलेली, उपचार राहून गेलेली मुलं जास्त येतात, हात कमी पडतात. आम्ही हात देणार आणि मोठ्या मुलांवर ते कसं काम करतात ते शिकून येणार.

सोलापूरच्या माणसाने हा प्रश्न विचारला की मला राग येतो, कारण आपणच डॉ. कोटणीसांचं नाव अभिमानाने घेतो. 1910 साली या गावात जन्मलेला मुलगा 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि 1942 च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारला. तेव्हा सोलापुरात काय रोगराई नव्हती? गिरणगावातली पोरं धडधाकट होती? शाळेतून त्यांच्या स्मारकावर मुलं नेता, आणि मला विचारता इथली संपली का. हे मी एका भाऊजींना तावातावाने ऐकवलं होतं. पण घरी आल्यावर मलाच आठवलं की कोटणीस चीनला पोचले त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे वडील गेले, आणि तरी ते माघारी आले नाहीत. मागे राहिलेल्यांचं काय झालं असेल, हे आपण स्मारकापाशी उभे राहून कधी मोजतो का?

तयारीत एक वाद झाला तोही सांगते. कार्यक्रमात एका संध्याकाळी अनाथाश्रमाला भेट होती, मुलांना खेळणी, खाऊ, गाणी, फोटो. मी ठाम विरोध केला. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप, निदान एक जण तरी असतो. पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून मुलं गोळा केली जातात, हे नेपाळात उघड झालंय. तिथे हुमलासारख्या डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली गेली. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमातल्या अशा हौशी सेवेबद्दल चिंता मांडली. पथकातल्या एक ताई रडल्या. म्हणाल्या, लेकरांना जवळ घ्यायलाही बंदी का?

त्यांना मी पुस्तकातली कारणं दिली, पण माझं खरं कारण घरातलं होतं. आजीची आई 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात आली. नावापुढे अनाथ लिहिलेलं. आणि तिची आई जिवंत होती. मंगळवेढ्याकडून पायी चालत येऊन तिनेच पोरीला दारात सोडलं होतं. पोर जगली, शिकली, मास्तरीण झाली, म्हणून आम्ही आहोत. समुद्रापलीकडून आलेल्या कुणीतरी त्या दिवशी दार उघडलं. त्यांच्याही गावातल्या लोकांनी त्यांना विचारलंच असेल की, इथली लेकरं संपली का? माझं उत्तर बरीच वर्षं एवढंच होतं आणि मला ते बिनतोड वाटायचं. पण आजी सांगायची, तिची आई म्हातारपणीही आईचा विषय निघाला की उठून जायची. जीव वाचला आणि आई तुटली, दोन्ही एकाच दारात झालं. त्यामुळे उपकाराची फेड म्हणून मी जाते असं आता मला सरळ म्हणता येत नाही. भेट रद्द झाली. त्या ताई माझ्याशी अजून मोजकंच बोलतात.

पण ज्या प्रश्नाने मला खरंच हलवलं तो तुमच्यापैकी कुणी विचारलेला नाही.

कुंभारीहून एक बाई येते. घरकुल वसाहतीत राहते, विड्या वळते, घरी तेलुगू बोलते. तिचं बाळ आमच्याकडे आलं ते पंधरा दिवसांचं असताना, दोन्ही पावलं वळलेली. पहिल्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, सासूच बोलत होती, ग्रहणात ही बाहेर गेली म्हणून झालं. ग्रहणाचा काही संबंध नाही हे मी त्या दोघींना प्रत्येक वेळी सांगत गेले. दवाखान्याचा दिवस म्हणजे तिची हजारभर विडी बुडते. तरी ती एकही प्लास्टर न चुकवता आली. बाळ मुतून प्लास्टर भिजवेल म्हणून जुन्या साडीच्या चिंध्यांचे नीट लंगोट शिवून आणायची. मला अक्का म्हणते.

चौथ्या प्लास्टरला मी तिला सांगितलं की पुढे दोन-तीन आठवडे मी नसेन, दुसऱ्या मॅडम पाय धरतील, त्याही चांगल्या आहेत. तिने मान हलवली. कुठे जाणार ते विचारलं, मी सांगितलं, तिकडेही अशीच लेकरं आहेत म्हणाले. ती बरं म्हणाली आणि गेली.

पुढच्या बुधवारी ती बाळासोबत एक मुलगी घेऊन आली. सात-आठ वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. मुलगी दारातून माझ्याकडे चालत आली आणि मी तिच्या पायांकडे बघितलं. उजवं पाऊल सरळ. डावं पूर्ण आत वळलेलं, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती आणि त्या कडेला टाचेसारखा जाड घट्टा झाला होता. ही थोरली. इतके आठवडे तिने मला हिच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"हिला पण प्लास्टर होतं अक्का," ती म्हणाली. "दुसऱ्या दवाखान्यात. चार झाले. एक मॅडम होत्या, लई चांगल्या. मग त्या गेल्या. नवीन बाई आली, ती बोलली मला, उशीर केला म्हणून. सगळ्यांसमोर बोलली. मी परत नाही गेले."

मी म्हणाले, इथे तसं कुणी बोलणार नाही. ती म्हणाली, "तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही तर नसणार की."

बाळ तिच्या मांडीवर पीत होतं. डॉक्टर प्लास्टरचा रोल पाण्यात बुडवून थांबले होते. मी पाय धरला, अंगठा जागेवर ठेवला आणि माझा हात थरथरत होता. ती पुढे काही बोलली नाही, चिडलीही नव्हती. ती मला अडवायला आली नव्हती. तिने फक्त थोरलीला आणून माझ्यासमोर उभं केलं होतं.

त्या शुक्रवारी प्रार्थनासभेत मला प्रार्थना जमली नाही. पाळकसाहेब म्हणाले, बोलावणं आलंय तर जा, मागचं प्रभू बघेल. एके काळी मला हे वाक्य पुरलं असतं. पण मागचं प्रभू बघतो तो कुणाच्या तरी हातांनी बघतो, आणि त्या बाईच्या अनुभवात ते हात एकदा निघून गेलेले आहेत. सासूबाई सरळ बोलल्या: "जायचंय तर जा, पण प्रत्येक वेळी देवाचं नाव पुढे करू नकोस. तुला जायचंय म्हण." लागलं मला ते. खरंही आहे. मला जायचंय. इतकी वर्षं एका खोलीत एकच काम केल्यावर दुसऱ्या देशातली माणसं तेच काम कशी करतात हे डोळ्यांनी बघायचंय. ही इच्छा आणि बोलावणं यांतलं कुठलं कुठे संपतं हे मला वेगळं काढता येत नाही. येत असेल त्यांनी मला दाखवावं.

माझ्याकडे एक चांगला बचाव आहे. वाढलेल्या वयाच्या मुलांचा पायसुद्धा याच पद्धतीने पुष्कळसा सुधारतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि हात तयार लागतो. तो हात त्या दवाखान्यात तयार होतो. म्हणजे मी तिकडे जाणं हे थोरलीच्याच कामाचं आहे. हे मी डॉक्टरांना सांगितलं, पाळकसाहेबांना सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बाईला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही. तिच्यासमोर हे वाक्य माझ्या सोयीचं वाटेल अशी मला भीती आहे, आणि ते सोयीचं आहेही.

बाकी तयारी झाली आहे. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस पुण्याला जाऊन घेतली. ती प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि लस घेतल्याचा पिवळा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हिवतापाच्या गोळ्या घेतल्या, त्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या आहेत. तिकीट पुढे ढकलता येतं का ते विचारून बघितलं. एकटीचं ढकललं तर पथकाला पाय धरणारं कुणी उरत नाही, आणि तिकडच्या मुलांना तारखा दिलेल्या आहेत. तीही कुठून कुठून चालत येणार. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी अशीच एखादी थोरली नसेल असं मला वाटत नाही.

या रविवारी उपासना झाल्यावर मी माझ्या जागी येणाऱ्या मॅडमना घेऊन कुंभारीला जाणार आहे. त्यांना थोडी तेलुगू येते. बाळाचा पाय त्यांनी एकदा आईच्या घरात, आईच्या समोर धरून बघावा एवढाच हेतू. थोरलीचा पायही तेव्हा नीट तपासू. मी नसताना ती बुधवारी येईल का, हे मी सांगू शकत नाही.

आणि ज्यांना इथल्या लेकरांची काळजी आहे त्यांना एक सांगायचंय. दर बुधवारी सकाळी कुंभारीकडून, पूर्व भागातून आठ-दहा आया प्लास्टर घातलेली बाळं कडेवर घेऊन बस बदलत येतात. कुणाकडे चारचाकी असेल, सकाळ मोकळी असेल, तर ओपीडीत येऊन नाव नोंदवा. त्यासाठी मी परत यायची वाट बघू नका. गरज मी नसतानाच्या त्या बुधवारांनाच जास्त आहे.