उंबऱ्याखालचा बोगदा

मंडळी, आज सकाळी तांबडीनं अंडं दिलं. तब्बल २४ दिवसांनी. कवच खरखरीत आहे, एका टोकाला चुन्याचे बारीक दाणे उमटलेत, पण अंडं आहे. ते हातात घेतल्यावरच हे लिहायचं बळ आलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला खुराड्यातली फडफड ऐकून मागच्या दाराकडे धावलो, तोवर आत शिरलेल्या कुत्र्यानं सगळं आटोपलं होतं. ११ पैकी ४ तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) गेल्या. पाच महिने वाढवलेल्या, त्यातल्या दोन अंड्यावर आलेल्या. एकही खाल्लेली नव्हती. दोघींच्या अंगावर तर दाताची खूणसुद्धा नव्हती, त्या धसक्यानंच गेल्या. फडफडणारं काही दिसलं की कुत्रा भुकेपोटी नाही, पाठलागाच्या ओढीनं मारत सुटतो आणि हालचाल थांबेपर्यंत थांबत नाही.

तांबडी वाचली. पाठीवर दोन दात रुतलेले आणि शेपटीच्या मुळाशी बोटभर कातडी सुटलेली. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली, मिठाच्या कोमट पाण्यानं धुतलं आणि पोव्हिडोन आयोडीन लावलं. तिला लगेच वेगळं ठेवलं, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच चोची मारतात. माशी बसू नये म्हणून डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला. दोन दिवस ती मान आत ओढून बसून होती. तिसऱ्या दिवशी भिजवलेल्या बाजरीचे चार दाणे टिपले, तेव्हा आई म्हणाली, "आता जगते ही."

आता मूळ प्रश्न. कुत्रं आत आलं कुठून?

जाळी तुटली नव्हती. पहिल्या वर्षीची षटकोनी जाळी फाटल्यानंतर सगळीकडे १ इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी घरांची जाळी) लावली, हे मागे लिहिलंच आहे. तिन्ही बाजूंना बाहेरच्या अंगाला त्याच जाळीची २ फुटांची झालर जमिनीत आडवी अंथरलेली. कुत्रा भिंतीला नाक लावून तिथंच उकरतो, नखं जाळीला लागली की सोडून देतो. दोन फूट मागं सरून बोगदा काढायचं त्याला सुचत नाही. पण दारापुढचे ३ फूट मी मोकळे सोडले होते. कारण एवढंच, की झाडताना खराटा जाळीत अडकायचा. बरोबर तिथूनच, उंबऱ्याखालून, तो शिरला.

त्या आठवड्यात उरलेल्या कोंबड्या जिन्याखाली डालग्यांत ठेवल्या आणि रिकाम्या खुराड्यावर प्रयोग सुरू केले. दिवाळीतली उरलेली रांगोळी रोज रात्री दारापुढं पसरायचो. सकाळी ठसे वाचायचे. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बोक्याच्या नाही, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. येणारे तिघे, पण उकरणारा एकच, मोठ्या पंजाचा.

पहिला उपाय म्हणून दारापुढं दोन शहाबादी फरश्या टाकल्या. पठ्ठ्यानं फरशीच्या बाजूनं सुरुवात केली, खालचा भरावाचा मुरूम मोकळा केला आणि सकाळी फरशी एका अंगाला कललेली. मग विटा उभ्या गाडल्या. एका रात्रीत ७ इंचांचा खड्डा, दोन विटा बाहेर. फार निराश झालो त्या दिवशी.

मग जाळी आणि फरशी दोन्ही एकत्र केल्या. दाराच्या चौकटीच्या खालच्या लोखंडी अँगलला वेल्डमेश बाइंडिंग वायरनं घट्ट बांधली आणि बाहेर अडीच फूट अंथरली. दोन्ही बाजूंना जुन्या झालरीवर वीतभर चढवली, ८ एमएमच्या सळीचे यू-हुक ठोकले आणि वर फरश्या बसवल्या. खराटा फरशीवरून सरळ फिरतो. कोंबड्या पुन्हा आत आणल्या, त्याला आज १७ रात्री झाल्या. परवा फरशीच्या कडेला ४ इंच उकरलेलं दिसलं, तळाशी जाळीवर नखांचे चकचकीत ओरखडे आणि तारेच्या टोकाला पिवळ्या केसांचा झुबका. तो झुबका मी किती तरी वेळ बघत बसलो होतो.

जाळी घेणाऱ्यांनी तारेची जाडी मोजायचा व्हर्निअर सोबत न्यावा. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. ऑनलाइन मागवलेली १६ गेजची म्हणून आलेली जाळी मोजली तर १.२ मिमी भरली, म्हणजे ती १८ गेज. १६ गेज १.६ मिमी हवी. खालच्या २ फुटांना तर १४ गेज, म्हणजे २ मिमीच लावा. परत पाठवली आणि नाशिकच्या रविवार कारंजावरून समोर मोजून घेतली. अँगल मात्र दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतले, द्राक्षबाग काढली होती त्यांनी. वरून गंजलेले, पण जाडी अशी की नव्यात मिळणार नाही.

समोरच्या काकू कुत्र्यांना पहाटे पोळ्या घालतात, आमच्या मागच्या बोळाशी. त्यांच्याशी बोललो. "मुकी जनावरं ती, जातील कुठं?" त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. त्यातल्या दोघा कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी, लसीकरण करून कुत्री होती तिथंच सोडायची असतात. उचलून दुसरीकडे नेणं हा उपायच नाही. काकू आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी घालतात. त्यानंतर रांगोळीत ठसे निम्म्यानं कमी झाले. शिवाय खालच्या २ फुटांना हिरवी शेडनेट बांधली. कोंबडी दिसलीच नाही तर ओढ लागत नाही.

अंडी बंद पडली ती निव्वळ भीतीनं असं वाटलं होतं. पण दिवसही लहान झालेत, आणि भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. तांबडी जखमी असून आधी सुरू झाली, धडधाकट कडकनाथ अजून बंदच. त्यामुळे पहाटे दोन तास एलईडी लावून बघणार आहे.

कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन घ्यायचं जवळपास ठरलं होतं. त्याचा झटका क्षणभराचा, साधारण सेकंदाला एक, म्हणून जीव जात नाही. घरची लाइन थेट तारेत सोडायचा विचारही कुणी करू नका, माणूस मरतो. पण आमच्या बोळात पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू रोज आमच्याकडे येतो. तेव्हा नको.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, दार जमिनीपर्यंत हवंच कशाला? उंबरा ९ इंच उंच बांधला तर कोंबड्या सहज उडी मारतील, घोटीच्या भातगिरणीतून आणून आत अंथरलेलं तूस बाहेर सांडणार नाही आणि चौकटीखाली पोकळीच उरणार नाही. जाळी विटांच्या खालून घ्यायची, म्हणजे फरश्या पुन्हा उचलाव्या लागतील. उचलतो. दार खालून कापायला वेल्डरला आताच फोन केला, रविवारी येतोय. तोवर रांगोळी चालूच.