मोरोचा हेसिओड बघायला पॅरिसला जाताय? पॅकेज घेऊ नका

फ्रेंच चित्रकार गुस्ताव मोरोचं 1891 सालचं ‘हेसिओड आणि म्यूझ’ हे चित्र (हेसिओड हा प्राचीन ग्रीक कवी, म्यूझ म्हणजे कलेची देवता) बघायला पॅरिसला निघाला असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ते चित्र मोरोच्या घरात नाही (ते घरही आता संग्रहालय आहे), ऑर्से संग्रहालयात आहे. मी एका एजंटकडून पॅकेज घेतलं होतं, त्याच्या व्हाउचरवर ‘मोरोच्या घरी मूळ चित्र, सोबत गाईड, रांग नाही’ असं छापलं होतं. गाईड आलाच नाही. रांग नव्हतीच, दारात जेमतेम दोन-चार माणसं. आणि एजंटने घेतले दोन्ही संग्रहालयांच्या तिकिटांच्या मिळून तिप्पट पैसे! मी गेलो तेव्हा ऑर्सेचं ऑनलाइन तिकीट 16 युरो होतं, मोरोच्या घराचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही तिकिटं अधिकृत साइटवर पाच मिनिटांत निघतात. मध्ये कुणालाही घेऊ नका. परत आल्यावर पैसे मागितले तर ‘घरातही हेसिओड आहेच की’ हे उत्तर मिळालं.

आहेत, घरातही हेसिओड आहेत. मोरोने हा विषय अनेक वर्षं पुन्हा पुन्हा हाताळला, त्यामुळे तिथे तो मोठ्या कॅनव्हासवरही दिसतो आणि रेखाटनांतही. पण ज्यासाठी मी गेलो होतो ते हे नव्हे.

ते ऑर्सेत पाहिलं आणि सगळा शीण उतरला. चित्र लहान आहे, उंची साठ सेंटिमीटरच्या आत, लाकडावर तैलरंगात केलेलं. घाईत चालणारी माणसं त्याच्यापुढून सरळ निघून जातात. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी मेंढ्या राखत असताना म्यूझ देवतांनी आपल्याला गाणं शिकवलं, असं हेसिओड स्वतःच सांगून गेलाय. मोरोने नेमका तोच क्षण धरलाय. कोवळा पोरगा, हातात लायर हे तंतुवाद्य, मागे त्याला बिलगून पंखांची म्यूझ. तिचे निळे पंख चित्राची अर्धी उंची व्यापतात. ती त्याला वाजवायला शिकवतेय, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा शरणागती जास्त. कलेचं बोलावणं येतं तेव्हा माणसाला विचारलं जात नाही, हे इतक्या थेट सांगणारं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही. जवळ जाऊन लायरवरचं बारीक काम बघा, मग चार पावलं मागे या, म्हणजे वरचा तारा आणि दूरच्या कड्यावरचं देऊळ दिसेल. किमान अर्धा तास द्या.

निघण्यापूर्वी ऑर्सेच्या साइटवर चित्राचं पान उघडा. ते सध्या भिंतीवर आहे की नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. हे न बघता विमानाचं तिकीट काढू नका.

मग मोरोचं घर, 14 रू द ला रोशफूको. क्रम हाच ठेवा, आधी ऑर्से, मग घर. मेट्रोची 12 नंबरची लाइन पुरते. सोल्फेरिनोला बसा, त्रिनितेला उतरा, पुढे थोडा चढ. टॅक्सी करणं म्हणजे पैसे फेकणं.

पहिल्या मजल्यावरच्या खोल्या पटकन उरका. खरा ऐवज वरच्या दोन मजल्यांवरच्या स्टुडिओत आहे, आणि त्या दोन्हींना जोडणारा लोखंडी गोल जिना तर नुसत्या त्याच्यासाठीही यायला हरकत नाही इतका देखणा आहे. भिंती छतापर्यंत भरलेल्या, त्यात कितीतरी अर्धवट कॅनव्हास. आपलं काम एकत्र राहावं म्हणून या माणसाने हयातीतच राहत्या घराचं संग्रहालय करायला घेतलं. 1898 ला तो गेला, 1903 ला दारं उघडली, पहिला क्युरेटर त्याचाच विद्यार्थी, चित्रकार जॉर्ज रुओ. रेखाटनांच्या चौकटी बिजागरीवर आहेत, त्या पुस्तकाच्या पानांसारख्या स्वतः उलटता येतात. बहुतेक लोक हात लावायला बिचकतात. तुम्ही उलटा. ऑर्सेतला तो एक क्षण गाठायला किती कागद खर्ची पडले, ते तिथे कळतं.

ऑर्से सोमवारी बंद, मोरोचं घर मंगळवारी. दोन्ही एकाच दिवशी करायची असतील तर गुरुवार धरा, मात्र क्रम उलटा होईल. ऑर्से त्या दिवशी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सातनंतर त्या चित्रापुढे जागा मिळते. दोन दिवस हाताशी असतील तर माझाच क्रम धरा. लूव्हरला जायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.