सोसायटीच्या लॉबीतली गव्हाणी: माझा अनुभव

सोसायटीच्या लॉबीत नाताळची गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायची असेल, तर अर्ज ऑक्टोबरमध्येच द्या. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, सही पडल्याशिवाय ऑफिसबाहेर पाऊल टाकू नका. पेंढा, शाडू, चांदणी, कापसाच्या मेंढ्या हे सगळं मुलांना घेऊन जमतं, त्यात मजाही येते. आमचं घोडं अडलं ते एका छापील फॉर्मपाशी. जानेवारी उलटला तरी तो आठवला की माझं डोकं तापतं, म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही मूळचे वसईचे, आता ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. मोठी सहा वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. वसईत डिसेंबर लागला की घराघरात आणि आळीआळीत गव्हाणी उभी राहते. जन्म बेथलेहेमात झाला हे खरं, पण आमच्या गव्हाणीत केळीची बाग असते, कौलारू घर असतं, विहीर आणि रहाटसुद्धा असतो. आमच्या लहानपणी पोरं रात्र रात्र जागून ती रचत. इथं ठाण्यात लिफ्टशेजारी एक रिकामा कोपरा आहे, जिन्यापासून लांब, भिंतीला लागून. इमारतीतली सगळी मुलं संध्याकाळी तिथंच असतात. तिथं आमची गव्हाणी व्हावी आणि तिला सगळ्या मुलांचे हात लागावेत, एवढीच माझी इच्छा होती.

मला ती एका दिवसात उभी करायची नव्हती. या वर्षी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आधीचे आठवडे, ३० नोव्हेंबरला सुरू झाला. पहिल्या आठवड्यात नुसते डोंगर आणि रिकामा गोठा, दुसऱ्यात जनावरं, तिसऱ्यात हिरवळ, मग मरिया आणि योसेफ. बाळ येशू २४च्या रात्री मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर. बाळाला भेटायला आलेले तीन ज्ञानी, ज्यांना तीन राजेही म्हणतात, ते तर त्यानंतर, तीन राजांच्या सणाला. लहान मुलांना गोष्ट अशीच कळते, रोज थोडी. बाजारातून सगळा संच आणून एकदम मांडला की मुलं दोन मिनिटं बघतात आणि सायकल घेऊन निघून जातात. मला ते नको होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. ऑफिसमधल्या गृहस्थांनी तो वाचला आणि हातात छापील फॉर्म ठेवला: ‘सामाईक जागा वापर अर्ज’. हा फॉर्म बारसं, साखरपुडा, वाढदिवस यासाठी हॉल भाड्याने घेणाऱ्यांचा. पाहुण्यांची संख्या, केटररचं नाव, मंडपवाल्याचं नाव, कार्यक्रमाची वेळ, डिपॉझिटचा चेक नंबर. मुलं पेंढा पसरणार त्याला मी कुठला मंडपवाला लिहू? मी त्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहिलं. रकाने रिकामे आहेत असं सांगून त्यांनी फॉर्म परत केला. मग मी मंडपवाल्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. ते चाललं.

पुढची अडचण तारखेची. फॉर्मवर एकच तारीख मावते. गव्हाणी ३० नोव्हेंबर ते ११ जानेवारी राहणार, कारण त्या रविवारी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण आणि तिथं नाताळचा काळ संपतो. हे मी समजावून सांगितलं. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि हॉलचं एका दिवसाचं भाडं गुणिले ४३ करून आकडा माझ्यापुढे ठेवला. तीन फूट बाय चार फूट कोपऱ्याचं भाडं! मी म्हटलं, हा हॉल नाही. ते म्हणाले, सामाईक जागा आहे ना, मग नियम एकच. भाडं माफ करायचं तर विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवावा लागेल. मीटिंग महिन्याच्या शेवटच्या रविवारी. नोव्हेंबरच्या मीटिंगला कोरम भरला नाही. पुढची २८ डिसेंबरला.

२८ डिसेंबर! नाताळ होऊन तीन दिवस झालेले असणार. मी सेक्रेटरींना भेटले, ते म्हणाले चेअरमनना विचारा. चेअरमन गावाला. ऑफिसमध्ये जावं तर ‘विषय घेतलाय, थांबा’. तेवढ्यात कुणीतरी इलेक्ट्रिशियनचा दाखला मागितला. एवढी एकच मागणी मला पटली, कारण सुका पेंढा आणि तापणारे बल्ब एकत्र ठेवणं खरोखरच धोक्याचं आहे. मी तिथल्या तिथं लिहून दिलं की वायर अजिबात नाही, फक्त सेलवर चालणारी एलईडीची माळ. तुम्हीही हे अर्जातच लिहा. आणि जाण्यायेण्याची वाट किती फूट मोकळी राहते ते मोजून लिहा, नाहीतर तोही प्रश्न आठवड्याने येतो.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, तर मुलांना रोज उत्तर देण्याचा. धाकटा शाळेतून आला की लिफ्टपाशी उभा राहून विचारायचा, ‘आज?’ पहिला रविवार असाच गेला. चार वर्षांच्या मुलाला कोरम कसा सांगणार? आमच्या इमारतीत गणपतीची आरास होते, दिवाळीला प्रत्येक मजल्यावर कंदील लागतात, आणि मी दोन्हींत हौसेने असते. माझ्या मुलीच्या हातची रांगोळी याच लॉबीत निघाली आहे. त्या वेळी फॉर्म कुणी भरला होता? कुणीच नाही, आणि भरायला लागूही नये. मला फक्त तेवढंच हवं होतं.

गाठ सुटली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. ते एके काळी कमिटीवर होते. ते म्हणाले, ‘ताई, परवानगी मागू नकोस. ठराव माग.’ सणांच्या आराशीबद्दल काही वर्षांपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता, तो त्यांना आठवत होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला सभेचं इतिवृत्त विनामूल्य पाहता येतं. हे वाक्य मी कागदावर लिहून, खाली सही करून ऑफिसमध्ये दिलं. रजिस्टर निघालं. ठरावात गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या जोडीला ‘इतर सण’ असे शब्द होते, आणि तळमजल्यावरच्या आराशीला भाडं नाही हेही होतं. अट एकच, वाट मोकळी ठेवायची. म्हणजे आमचा विषय भाड्याच्या फॉर्मचा नव्हताच. काकांनी सेक्रेटरींना फोन लावला, मी ठरावाच्या पानाचा फोटो पाठवला, आणि १२ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, सही झाली. मी तो कागद घेऊन लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळत गेले.

त्यामुळे माझा पहिला सल्ला खरं तर हाच: जुने ठराव आधी वाचा, अर्ज नंतर लिहा. आणि अर्जाच्या विषयात ‘जागा वापर’ लिहू नका, ‘सणानिमित्त सजावट’ लिहा.

थांबलेल्या दिवसांत आम्ही घरी हात चालू ठेवले, म्हणून पुढचं झटपट झालं. पुतळ्यांसाठी शाडू वापरला. गणपतीच्या वेळी घेतलेला शाडू उरला होता, तो भिजवून, मळून पुन्हा मऊ होतो. मेंढ्या बसलेल्याच करा. उभ्या मेंढीचे पाय वाळताना तडकतात आणि मुलं रडतात. बसलेली मेंढी म्हणजे एक गोळा, त्याला छोटं डोकं, वर कापूस. चार वर्षांचं मूल ती एकट्याने करतं. उंट मोठ्यांनी करावा. पुतळे सावलीत वाळवा, उन्हात नको. रंग पूर्ण वाळल्यावरच द्या.

गाढव करताना मोठीने विचारलं, गाढव खरंच तिथं होतं का? मी बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढून वाचून दाखवला: गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, पण गाढव आणि बैल नाहीत. ते आले बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, जिथं बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं असं म्हटलं आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. हे ऐकल्यावर धाकट्याला खरा बैल हवा होता. ज्ञानी तीनच का, हाही प्रश्न येतो. त्यांची गोष्ट बायबलमध्ये मत्तय सांगतो, पण तो त्यांची संख्या सांगत नाही, भेटी सांगतो: सोनं, ऊद आणि गंधरस. भेटी तीन म्हणून माणसं तीन. मुलांना अशी खरी उत्तरं द्यावीत. ती त्यांना पेलतात, आणि मग पुतळा करताना त्या पुतळ्याशी त्यांचं नातं जुळतं.

सही मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, नाचणी पेरली. उथळ वाट्यांत ओला कापूस, त्यावर रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, रोज पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत गव्हाणीत लावण्याजोगी बोटभर हिरवळ होते. वसईत आणि गोव्यात ही रीत आहे. हंगेरी, क्रोएशियातही १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, गहू पेरतात, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी. नाचणीच्या वाट्या प्रत्येक घरी एक अशा वाटल्या. ज्या मुलाची वाटी, त्याने ती २४ तारखेला स्वतः आणून गव्हाणीतल्या शेतात ठेवायची. आजूबाजूच्या घरांतल्या आजींनी या कामात जो रस घेतला, त्याने मला खूप बरं वाटलं. एका आजींनी तर नाचणीला ऊन मिळावं म्हणून तुळशीशेजारी जागा दिली.

डोंगरांसाठी खाकी कागद चुरगाळून, पातळ रंगात बुडवून खोक्यांवर घाला. तळ्याला जुना आरसा. रहाट माझ्या वडिलांनी वसईहून येऊन आइस्क्रीमच्या काड्यांचा करून दिला आणि तो फिरतो! वाडीला रहाटाने पाणी कसं द्यायचे, हे सांगताना ते मुलांपेक्षा जास्त रमले.

आगमनकाळाचं चक्र, म्हणजे दर रविवारी एकेक मेणबत्ती लावायचं फांद्यांचं कडं, घरातच ठेवलं: सुरूच्या फांद्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. परातीत पाणी घालून मधे चक्र ठेवलं की लहान मुलांच्या घरात काळजी कमी. मेणबत्ती आपण लावायची, फुंकायला मुलांना द्यायची.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती या सगळ्यात मला सर्वांत प्रिय आहे. देखाव्यातली बाळाला निजवायची छोटी गव्हाणी आम्ही रिकामी ठेवतो. मुलांनी दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं, की पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. कुणाला दाखवायचं नाही, सांगायचंही नाही. लॉबीत ठेवल्यावर इतर मुलंही काड्या टाकू लागली. वॉचमन काकांनीही टाकल्या. बाळ येशूला ठेवलं तेव्हा अंथरूण चांगलं जाड झालं होतं.

ज्ञानी २५ तारखेला आमच्या स्वयंपाकघरातून निघाले. रोज थोडे पुढे: फ्रिज, बैठकीची खोली, दार, जिन्याचा कट्टा. मुलं सकाळी उठून आधी ते कुठवर पोचले हे पाहत. तीन राजांचा सण ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी होतो, म्हणजे या वर्षी ४ तारखेला. त्या दिवशी ते लॉबीत पोचले. जिन्यात ठेवताना उंटाला कडेला ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागतो.

फराळावर फार लिहीत नाही. करंज्या, कुलकुल, केक, नेहमीचंच. कुलकुल काट्यावर वळायला मुलांना बसवा, तासभर शांत राहतात.

२८ डिसेंबरच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. मी गेले होते. सणाच्या सजावटीला भाड्याचा फॉर्म लावू नये, अर्जाची पोच द्यावी, असं इतिवृत्तात लिहून घ्या, असा आग्रह मी धरला, आणि ते लिहिलं गेलं. त्या पानाचा फोटो मी मोबाईलमध्ये आणि छापील प्रत सोसायटीच्या फाईलमध्ये, दोन्हीकडे ठेवला आहे. तुमच्याकडे असा ठराव नसेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा, नाताळच्या तोंडावर नाही.

११ जानेवारीला गव्हाणी उतरवली. शाडूचे पुतळे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, मधे भाताचं तूस घालून खोक्यात ठेवा. मेंढ्या वेगळ्या. नाचणीची रोपं कुंड्यांत गेली, पेंढा बागेतल्या खतात. चर्चमधून मिळालेली मागच्या वर्षीची झावळी घरात असेल तर आताच शोधून ठेवा, कारण राखेचा बुधवार, म्हणजे चर्चमध्ये कपाळाला राख लावतात तो दिवस, या वर्षी १८ फेब्रुवारीला आहे आणि जुन्या झावळ्या जाळूनच ती राख होते. मुलांना ती द्यायला बरोबर न्या. झावळ्यांचा रविवार २९ मार्चला, ईस्टर ५ एप्रिलला. अंड्यांना रंग द्यायला आत्तापासून कांद्याची सालं साठवायला लागा. ती पाण्यात अंड्यांबरोबर उकळली की तांबूस रंग चढतो, पिवळा हवा असेल तर हळद.