कोय, खुंट आणि काडी: या पावसातली नोंद

मागच्या वर्षी आंब्याची कोय कलमं, म्हणजे कोयीतून रुजलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेली कलमं, निम्मीही जगली नव्हती, म्हणून यंदा सगळं वहीत लिहून ठेवलं. जागा तीच, मालवणजवळची आमची परसबाग.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, 42 ताज्या कोयी गादीवाफ्यावर मांडल्या. 31 रुजल्या. त्यातल्या तीन कोयींनी मला आठवडाभर गुंतवून ठेवलं. विहिरीकडच्या रायवळच्या या कोयी, आणि प्रत्येकीतून दोन-तीन कोंब वर आलेले. आधी वाटलं, दोन कोयी चिकटून पडल्या असतील. माती बाजूला करून पाहिलं तर कोय एकच!

काही आंब्यांच्या कोयीत एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यातला एक परागीभवनानंतर नर आणि मादी पेशींच्या मीलनातून होऊ शकतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून तयार होतात. त्यांत परागाचा वाटा नसतो, ती आईची हुबेहूब नक्कल. दक्षिण भारतातले ओलूर, वेल्लैकोलंबन हे आंबे याच गुणासाठी ओळखले जातात. बी रुजवलं म्हणजे लैंगिक पुनरुत्पादन आणि फांदी लावली म्हणजे अलैंगिक, हे शाळेतलं सरळ गणित माझ्याच वाफ्यात मोडलं. इतका आनंद मला एखादं कलम फुटल्यावरही होत नाही.

हापूसच्या कोयीत मात्र गर्भ एकच, आणि त्यात कुठल्या झाडाचे पराग मिसळले ते फुलांवर बसणाऱ्या माश्यांना ठाऊक. माझ्या आजोबांना कलमं बांधायला शिकवणारे शेजारचे काका अजून सांगतात, "झिला, कोय लावलंस तर आंबो मिळतलो, हापूस नाय."

आता कलमांकडे. कोंबाची पानं तांबूस आणि कोवळी असताना काम उरकायचं, पानं हिरवी होऊन खोड निबर झालं की उशीर झाला. काडी, म्हणजे वर बांधायची हापूसची फांदी, तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेला. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटली. मागच्या वर्षी मी नेमकं हेच टाळलं होतं. खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाला, मधोमध चीर, काडीला पाचरीसारखा काप, दोन्हींच्या साली किमान एका बाजूने जुळवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधलं. 30 बांधली, त्यातली 19 फुटली. जगलेल्या कलमांची वाढही सारखी नाही, आणि त्याचं एक कारण खाली मुळाशीच आहे. वरची काडी एकाच हापूसची, पण खालचे बहुतेक खुंट मीलनातून आलेल्या कोंबांचे, म्हणून प्रत्येकाची मुळं वेगळ्या स्वभावाची. एकाच रोपात लैंगिक आणि अलैंगिक दोन्ही पद्धती एकमेकींवर बांधलेल्या असतात.

कलमाने गुण टिकतात तसे दोषही टिकतात. हापूसमधला साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, आपण पिढ्यानपिढ्या कलमांबरोबर वाहत आलो. तो टाळणारं फळ संकरातून आलं: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून 1981 मध्ये आलेला रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, आणि पुढे रत्ना-हापूस संकरातून 1992 मध्ये आलेला सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ असते. हे कुठल्याही काडीतून निघालं नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरच्या बागेत थोडी जागा बियांच्या झाडांना हवीच.

कोकमाचा अनुभव मात्र उलटा. बियांपासून लावलेल्या सहा झाडांतली चार नर निघाली, आणि हे कळायला सातवं वर्ष उजाडलं. रतांबे हवे असतील तर मादी झाडाची काडी बांधणं हाच शहाणा मार्ग, परागासाठी एखादा नर जवळ असू द्यावा. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलमही आडवंच पसरत राहतं, उभं झाड होत नाही. दोन कलमं मी तशी फुकट घालवली आहेत.

पानफुटीचं एक पान गच्चीवर पडून होतं, त्याच्या कडेला सात पिल्लं आली. ती सातही त्याच पानाची, परागाशिवाय झालेली नक्कल.

हापूसच्या चार कोयी या वेळी मुद्दाम वेगळ्या रुजवल्या आहेत, त्यांना चाकू लावणार नाही. सध्या वीतभर उंच आहेत. कोवळी पालवी तिघांची फिकट तांबूस, चौथ्याची जवळपास जांभळी.