मास्क सुटतोय! (आणि डिसगॉर्जिंगचा, म्हणजे बाटलीतला गाळ काढून टाकण्याचा, बेत बदलतोय)

मंडळी, मास्क सुटला, म्हणजे माझ्या फसफसत्या वाइनच्या बाटल्यांत काचेला आतून चिकटून बसलेला गाळाचा पापुद्रा. सगळ्या बाटल्यांचा नाही, पण तो सुटू शकतो एवढं नक्की झालं, आणि त्या आनंदात हे लिहायला बसलोय.

शार्दोने द्राक्षांच्या वाइनची बॅच प्युपित्रवर (बाटल्या तोंड खाली करून खोचायची भोकांची चौकट) चढवल्याचं मागे लिहिलं होतं. इंग्लंडच्या केंटमधली खडूच्या जमिनीवरची द्राक्षं, ईसी-1118 यीस्ट, तिराजला (बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायला भरताना) लिटरमागे 24 ग्रॅम साखर, हे सगळं तेव्हा सांगितलं होतं. प्रत्येक बाटली रोज अष्टमांश वेढा फिरवणं नेमाने चालू होतं. एका लॉटच्या बाटल्यांतला गाळ हळूहळू घसरत मानेशी बिड्यूलमध्ये (कॅपखालची प्लास्टिकची छोटी वाटी) जाऊन बसला. दुसऱ्या लॉटने मात्र जीव खाल्ला. बाटलीमागे टॉर्च धरला की वाइन आरपार स्वच्छ दिसते, पण आडवी ठेवली असताना जी बाजू खाली होती तिथे सायीसारखा पातळ, करडा पापुद्रा. लांबट, कडांना किंचित उललेला. बाटली फिरवली की काचेबरोबर तोही फिरतो. बोटांनी टकटक केली, रबरी हातोडीने केली. ढिम्म.

वाइन तीच, यीस्ट तेच, कॅप तीच, तळघरही तेच. फरक फक्त काचेचा. यीस्ट, वाइनमधली प्रथिनं आणि काचेचा पृष्ठभाग यांचं काहीतरी जुळलं की मास्क धरतो, तेव्हा माझा संशय त्या लॉटच्या काचेवरच आहे. पुरवठादाराला विचारलं तर बाटल्या आतून कशा धुतल्यात, कुठे साठवल्यात, यातलं काहीही त्याला सांगता येईना. त्याच्याकडून पुन्हा घेणार नाही. बाटलीत पैसे वाचवू नका, कुणी कितीही सवलत देवो.

या सगळ्यात शॅम्पेन बनवणाऱ्या मादाम क्लिकोची फार आठवण आली. 1805 मध्ये नवरा गेला तेव्हा ती 27 वर्षांची होती. 1816 च्या सुमारास तिच्या फ्रान्समधल्या रॅन्सच्या तळघरात टेबलाला भोकं पाडून बाटल्या उलट्या खोचायची पद्धत बसली. आंत्वान म्युलरने ती भोकं तिरकी करून घेतली. त्याआधी गाळ काढायचा म्हणजे वाइन एका बाटलीतून दुसरीत ओतायची आणि बुडबुडे घालवून बसायचं. शॅम्पेनचं सगळं श्रेय डोम पेरिन्योंला देणारे मला पटत नाहीत. ओव्हिलेरच्या मठात तो बुडबुडे टाळायलाच धडपडत होता, आणि साखर घालून वाइन फसफसवण्याबद्दल क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने लंडनमध्ये 1662 सालीच सांगून ठेवलं होतं. माझ्या लेखी खरी वळणं दोन: क्लिकोचं टेबल, आणि 1830 च्या दशकात फ्रांस्वा या शालोंच्या औषधविक्रेत्याने बसवलेलं साखरेचं गणित. त्याआधी तळघरातले कामगार फुटणाऱ्या बाटल्यांच्या भीतीने चेहऱ्याला तारेची जाळी बांधून वावरायचे.

आता उपाय. शॅम्पेनमधले जुने लोक करायचे तेच: मनगटाचा झटका. बाटल्या प्युपित्रवरून उतरवल्या, बाहेरच्या शेडमध्ये शून्याच्या आसपास गारठू दिल्या. थंड असतानाच हलवा, दाब कमी असतो. तरी आत तळघराच्या तापमानाला सहा अ‍ॅटमॉस्फिअरचा माल आहे हे विसरू नका: चेहऱ्यावर पूर्ण व्हायझर, कातडी हातमोजे, जाड जॅकेट. मान घट्ट धरून आडव्या बाटलीला जोरदार, तुटक झटके द्यायचे. पहिल्या बाटलीत काहीच झालं नाही. मग एका कडेने पापुद्रा सुटला, वळला आणि फाटून त्याचे तुकडे टॉर्चच्या झोतात गरगरू लागले. काय सांगू, नाचावंसं वाटलं. बाटल्या परत आडव्या टाकल्या, विश्रांती दिली, मग पुन्हा प्युपित्र. गंमत म्हणजे हे तुकडे बारीक गाळापेक्षा भराभर खाली येतात.

निम्म्याहून थोड्या जास्त बाटल्या अशा साफ झाल्या. उरलेल्या अजून हट्टाला पेटल्यात.

जाता जाता: 29 मिमी कॅपसाठी दोन दांड्यांचं कॅपर (झाकण बसवायचं यंत्र) घेऊ नका. कॅप तिरकी बसते. टेबलावर बसवायचं घ्या, महाग पडलं तरी.

बेत असा होता की सगळ्या बाटल्या एकदम डिसगॉर्ज करायच्या आणि लिटरला 6 ग्रॅम डोसाज (शेवटी घालायची साखर) द्यायचा. आता चांगला लॉट आधी काढतो. हट्टी बाटल्या लीजवर (मेलेल्या यीस्टच्या गाळावर) आणखी वर्षभर ठेवणार होतो, चवीला फायदाच आहे. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. शॅम्पेनमध्ये पाव बाटल्या भरताना वाइन दाबाखालच्या टाकीत काढतात, गाळतात आणि मग पुन्हा भरतात. आपल्यातल्या बिअरवाल्यांकडे केग (धातूची पिंपं) आणि काउंटर-प्रेशर फिलर (दाब न सोडता भरायचं यंत्र) असतातच. बाटली बर्फगार करून वाइन दाबाखाली केगमध्ये घेतली तर मास्क राहील काचेला चिकटलेला, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही! अडचण एकच, बिअरचे फिलर सहसा एवढ्या दाबासाठी केलेले नसतात. शून्याच्या जवळ दाब बराच उतरतो, पण तोही बिअरपेक्षा जास्तच. कुणी तीन अ‍ॅटमॉस्फिअरच्या वर फिलर चालवला असेल तर सील कुठलं वापरलं आणि केगवर किती बारची मर्यादा छापली होती, तेवढं कळवा. तोवर हट्टी लॉटला हात लावत नाही.