रात्री दहाचे डोस आणि एकच सिस्टर

तीस खाटांचा जनरल वॉर्ड घ्या. नाईट आठला सुरू होते. तीसपैकी वीस पेशंटना रात्री दहाचं इंजेक्शन आहे, सरासरी प्रत्येकी दोन. म्हणजे ४० इंजेक्शनं. केसपेपरवरचं नाव मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं, व्हायलमधली (औषधाच्या कुपीतली) पावडर विरघळवायची, सिरिंजमध्ये भरायची, इंट्राकॅथची (शिरेत ठेवलेल्या बारीक नळीची) जागा सुजली नाही ना ते बघायचं, हळूहळू द्यायचं, नळी फ्लश करायची (सलाईनने धुवायची), सही करायची. नीट केलं तर एकाला पाच मिनिटं लागतातच. ४० गुणिले ५, २०० मिनिटं. सिस्टर एकच असतील तर शेवटच्या खाटेचा दहाचा डोस एक वीसला पडणार. तोही मध्ये कुणाची सलाईन संपली नाही आणि नवी अॅडमिशन आली नाही तर.

प्रत्यक्षात ट्रे बाराच्या आत रिकामा होतो. ही वाचलेली ८० मिनिटं कुठून आली, तिथे बघायचं.

काही मिनिटं लेबल न लावण्यातून येतात. सगळ्या सिरिंजा काउंटरवर एकदम भरून ट्रेत मांडल्या जातात, खाटेच्या क्रमाने. मग सोळा नंबरची खाट बदलून खिडकीशी गेली, एवढं चूक व्हायला पुरतं. दहा मिलीच्या सिरिंजमधलं पाण्यासारखं औषध नजरेने ओळखता येत नाही. मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) तुकड्यावर औषध, मात्रा, खाट आणि वेळ लिहायला पंधरा सेकंद लागतात, पण ४० वेळा लिहायचं म्हणजे दहा मिनिटं.

बाकीची मिनिटं येतात वेगातून. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम किमान ६० मिनिटांत जायला हवं. २०० मिलीत मिसळलं आणि सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण ६७ थेंब. सेटचं चाक मोकळं सोडून पंधरा मिनिटांत संपवलं की पेशंट लालबुंद होतो, खाजवायला लागतो, कधी बीपी घसरतं. मग केसपेपरवर ‘अॅलर्जी’ लिहिलं जातं. होती घाई, नोंद झाली अॅलर्जीची, आणि पुढच्या वेळी गरज असूनही ते औषध टाळलं जातं.

सर्वांत महाग पडतं ते दुसऱ्या नजरेची तपासणी (दुसऱ्या सिस्टरने औषध आणि मात्रा पुन्हा ताडणं) गाळणं, आणि ती गाळली जातेच, कारण वॉर्डात दुसरी नजरच नसते. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिली अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. दुसरी चूक कमी ठाऊक असते: लटकत्या, चालू सलाईनमध्ये ते टोचायचं आणि बाटली हलवायची नाही. जड द्रावण तळाशी, नळीच्या तोंडाशी बसतं आणि आधी तेच आत जातं. बाटली काढून, उलटीसुलटी करून मग लावायची. आणि या अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवूच नयेत. वेगळ्या, कुलपातल्या खणात ठेवाव्यात.

इन्सुलिनचं तसंच. आपल्याकडे मिलीला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल मिळतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. रात्री वॉर्डातले दिवे मंद केल्यावर लाल आणि नारिंगी ओळखून दाखवा! १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात ५० युनिट. अडीचपट. पहाटे तीनला पेशंट साखर घसरून घामाने भिजलेला सापडतो, सापडला तर. ट्रेपाशी चांगला दिवा आणि वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन, एवढ्याने ही चूक जवळपास होतच नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. या राखीव आकड्याकडे व्यवस्थापनं ‘जादा माणसं’ म्हणून बघतात. तो कापला की एकीच्या आजारपणात दुसरीची डबल ड्युटी ठरलेली.

पुण्यात याची परीक्षा दरवर्षी अनंत चतुर्दशीला होते. मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते, लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते बंद. पेठांतल्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये सकाळची सिस्टर उपनगरातल्या धायरीहून पोचतच नाही आणि रात्रीची थांबते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावतात, हे १९९७ पासून मोजलेलं आहे. तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. दोन जास्तीच्या सिस्टर आदल्या संध्याकाळीच बोलवाव्यात, त्यांच्या झोपेची सोय इमारतीत करावी (ढोलांपासून लांबच्या खोलीत, मिळाली तर) आणि पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ताज्या माणसाच्या हातात द्यावं. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपुढे जाऊ नये असं लिहिलंय. छत्तीस तासांची ड्युटी मात्र अजून कौतुकाने सांगितली जाते.

थकलेल्या माणसाचा ओव्हरही (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं) अर्धवट असतो. काउंटरवर रजिस्टर वाचून ओव्हर दिला तर सलाईनचा वेग, ड्रेनचा (जखमेतल्या नळीतून येणाऱ्या द्रवाचा) रंग, लघवीची पिशवी सुटते. तो खाटेपाशीच द्यायचा, दोघींनी चादर बाजूला करून बघत.

आणि चूक झालीच तर? बहुतेक ठिकाणी मेमो निघतो. त्यामुळे पुढची चूक लिहिलीच जात नाही. चुकीची सिरिंज ऐन वेळी लक्षात आली आणि टळली, ही गोष्ट तर कुणाला कळतच नाही. ट्रेशेजारी एक वही ठेवावी, नाव न लिहिता. वेळ, औषध, काय होता होता राहिलं आणि त्या वेळी वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती. शेवटचे दोन रकाने पहिल्या तिन्हींइतकेच महत्त्वाचे. महिनाभराने ती वही मेट्रनबाईंनी ड्युटी लावणाऱ्या माणसासमोर उघडावी.